जुना संगणक, मोठा प्रोग्राम: रॅम कमी पडते तेव्हा काय करावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत, शाळांत आणि दुकानांत चालू असलेले पुष्कळ संगणक मुंबईच्या एखाद्या कार्यालयातून बदलून गावाकडे आलेले असतात. त्यांत २ किंवा ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) असते, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असते, प्रोसेसर मात्र अजून बऱ्यापैकी दमाचा असतो. पत्रव्यवहार, बिले आणि ऑनलाइन अर्ज एवढे काम ते बिनतक्रार करतात. पण गणपतीच्या आधी वीस फुटी फ्लेक्सची फाइल उघडली, हंगामातली सगळी पेटीवार आंबाविक्री एकाच एक्सेल फाइलमध्ये घेतली किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मोठा डेटा वाचायला लावला, की माउसचा बाण जागीच अडकतो, हार्डडिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नाही आणि शेवटी मेमरी संपल्याचा संदेश पडद्यावर येतो.

अशा वेळी सगळीकडून एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे रॅम वाढवून घ्या. हा सल्ला कधी बरोबर असतो, पण पुष्कळदा घाईचा ठरतो, कारण 'संगणक हँग होतो' या एकाच तक्रारीमागे तीन वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. म्हणून या लेखात खरेदीचा विषय मुद्दाम उशिरा घेतला आहे. आधी आपले काम नेमके कुठे अडते ते पाहावे, मग बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत आणि त्यानंतरच पैसे खर्च करावेत, असा क्रम मी नवख्या वाचकाला आग्रहाने सुचवतो.

आधी, अडते कुठे?

पहिली मर्यादा प्रत्यक्ष रॅमची, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या पट्ट्यांची. दुसरी मर्यादा एका प्रोग्रामला एका वेळी किती मेमरी मागता येते याची. ती प्रोग्राम ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा यावर ठरते आणि रॅम कितीही बसवली तरी बदलत नाही. तिसरी मर्यादा सगळ्या प्रोग्रामना मिळून देता येणाऱ्या एकूण मेमरीची. विंडोजमध्ये ती रॅम आणि हार्डडिस्कवरची पेजिंग फाइल (रॅममध्ये न मावणारी माहिती ठेवण्याची जागा) यांची बेरीज असते.

यांतली कोणती आडवी आली हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. विंडोज १० मध्ये 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी' निवडली की किती रॅम वापरात आहे, किती मोकळी आहे, रॅमच्या पट्ट्या बसवण्याचे किती स्लॉट (खोबणी) भरलेले आहेत आणि 'कमिटेड' या शीर्षकाखाली एकूण मागणी व तिची कमाल मर्यादा असे दोन आकडे दिसतात. विंडोज ७ मध्ये मांडणी वेगळी आहे, पण 'कमिट' हा जोड-आकडा तिथेही आहे. आता जे काम करताना संगणक अडतो तेच काम मुद्दाम सुरू करावे आणि ही खिडकी बाजूला उघडी ठेवून आकडे कसे सरकतात ते बघावे.

रॅम जवळजवळ पूर्ण भरली, डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिला आणि सगळेच प्रोग्राम रखडत का होईना पण चालत राहिले, तर प्रत्यक्ष रॅम कमी पडते आहे असे समजावे. रॅम भरपूर मोकळी दिसत असताना एकच प्रोग्राम दीड-दोन जीबीच्या आसपास पोहोचून बंद पडत असेल, तर तो त्याच्या ३२ बिटांच्या हद्दीला टेकला आहे. आणि 'कमिटेड'चे दोन्ही आकडे एकमेकांना भिडले, विंडोजने स्वतःहून मेमरी कमी असल्याची सूचना दिली आणि एकामागून एक निरनिराळे प्रोग्राम बंद पडू लागले, तर पेजिंग फाइल कोणीतरी बंद केलेली आहे, फार लहान ठेवली आहे किंवा सी ड्राइव्ह भरल्यामुळे तिला वाढायला जागा उरलेली नाही. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पुढे दुकानात गेल्यावर ते उपयोगी पडतात.

पैसे न घालता जी जागा मोकळी होते

संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात दिसतात. प्रिंटरचे मदतनीस, जुन्या मोबाइलचे सॉफ्टवेअर, चॅटचे प्रोग्राम अशा ज्या गोष्टी रोज लागत नाहीत त्या तिथून बंद कराव्यात. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढून टाकावा. ब्राउझरचा प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेंशन स्वतंत्रपणे मेमरी घेते, त्यामुळे मोठे काम सुरू करण्यापूर्वी ब्राउझर पूर्ण बंद करणे हा ४ जीबीच्या संगणकावरचा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत आणखी एक गोष्ट आढळते. वर्षानुवर्षे जमवलेले शेकडो, कधी हजारो फाँट विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये एकगठ्ठा टाकलेले असतात आणि डिझाइनचा प्रोग्राम उघडताना ती सगळी यादी वाचत बसतो. नेहमीचे चाळीस-पन्नास फाँट ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि लागेल तेव्हा लागेल तो फाँट बसवावा. प्रोग्राम लवकर उघडतो आणि मेमरीही वाचते.

ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही तो पडद्यासाठी रॅममधलाच काही भाग राखून ठेवतो. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) हा वाटा कमी करता येतो. खेळ किंवा त्रिमितीय काम करायचे नसेल तर तो कमीत कमी ठेवावा. २ जीबीच्या संगणकात त्यामुळे मिळणारी शंभर-दोनशे एमबीसुद्धा जाणवते.

'रॅम मोकळी करून देतो' असे सांगणारे छोटे प्रोग्राम मात्र कटाक्षाने टाळावेत. ते चालू प्रोग्रामची पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, जबरदस्तीने डिस्कवर ढकलतात, आकडा काही क्षण चांगला दिसतो आणि लगेच तीच पाने परत आणताना संगणक पूर्वीपेक्षा जास्त रखडतो.

कामच लहान करावे

माझ्या मते जुन्या संगणकावर सर्वांत जास्त फायदा या पायरीवर होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण आकडेमोडीसह देतो. वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच फ्लेक्स करायचा आहे असे धरू. नवीन मुले सवयीने रिझोल्यूशन ३००, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल, ठेवतात, कारण पत्रिका छापताना तेच शिकवलेले असते. वीस फूट म्हणजे २४० इंच आणि दहा फूट म्हणजे १२० इंच. ३०० रिझोल्यूशनला ही प्रतिमा ७२,००० गुणिले ३६,००० पिक्सेलची होते, म्हणजे सुमारे २५९ कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका सपाट थराला जवळजवळ ९.७ जीबी मेमरी लागते. हे ४ जीबीच्या संगणकाला झेपणारे नाही. रिझोल्यूशन १५० केले तर तोच थर सुमारे २.४ जीबीचा होतो. तरीही ३२ बिटांच्या साध्या प्रोग्रामची २ जीबीची हद्द तो ओलांडतोच, शिवाय रुंदी ३६,००० पिक्सेल असल्यामुळे फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी प्रकारात ती जतनही होत नाही, कारण त्या प्रकाराची हद्द दोन्ही दिशांना ३०,००० पिक्सेलची आहे. आणि ७२ रिझोल्यूशनला? १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल, म्हणजे सुमारे ५७० एमबी. एसटी स्टँडसमोर रस्त्यापलीकडून पाहायच्या फ्लेक्सला ७२ पुरते. प्रिंट करणाऱ्याला एकदा विचारून खात्री करावी आणि नवी फाइल तयार करतानाच तो आकडा ठेवावा. नंतर कमी करायला गेले तर त्यासाठीसुद्धा आधी मोठी फाइल मेमरीत घ्यावी लागते.

रिझोल्यूशन निम्मे केले की मेमरी निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या होतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर फोटो, स्कॅन केलेले नकाशे, ड्रोनची छायाचित्रे अशा सगळ्या कामांत ती कामी येते. याशिवाय न लागणारे थर एकत्र करावेत, 'हिस्टरी'मधल्या मागे जाण्याच्या पायऱ्या दहा-बारापर्यंत कमी कराव्यात आणि कोरलड्रॉमध्ये मोठे फोटो फाइलच्या पोटात न घेता बाहेरून जोडावेत. मजकूर आणि लोगो शक्यतो व्हेक्टर स्वरूपातच (पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनात) ठेवावेत, कारण त्यांचा आकार कितीही वाढवला तरी मेमरी फारशी वाढत नाही.

एक्सेलमध्ये अडचणीचे मूळ बहुधा ओळींच्या संख्येत नसते. २००७ पासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि एखाद्या बागायतदाराची दहा वर्षांची विक्रीही त्यात सहज बसते. अडचण होते ती पूर्ण स्तंभ निवडून दिलेल्या रंगामुळे व चौकटींमुळे, प्रत्येक ओळीत दुसऱ्या पानावरून दर शोधून आणणाऱ्या सूत्रांमुळे आणि पावत्यांचे फोटो चौकटींत चिकटवल्यामुळे. मागील हंगामांच्या ओळींतली सूत्रे काढून तिथे नुसत्या किमती ठेवाव्यात, डेटाच्या खाली उरलेल्या रिकाम्या पण रंगवलेल्या ओळी पुसून नव्हे तर 'डिलीट' करून काढाव्यात आणि फाइल बायनरी वर्कबुक या प्रकारात जतन करावी. दर वर्षाची वेगळी फाइल ठेवणे तर उत्तमच. एप्रिल-मेच्या घाईत चार वर्षांपूर्वीचे हिशेब मेमरीत असण्याचे कारण नसते.

पायथनमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोठी फाइल एकदम न वाचता ठराविक ओळींच्या तुकड्यांनी वाचावी, लागणारेच स्तंभ घ्यावेत आणि जिथे लहान पूर्णांक पुरतो तिथे ८ बाइटांची दशांश संख्या ठेवू नये. डेटा वारंवार लागणार असेल तर तो एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरून ठेवावा. मग प्रश्नाला लागतील तेवढ्याच ओळी मेमरीत येतात.

पेजिंग फाइल: तिची ताकद आणि तिची मर्यादा

रॅम भरली की कार्यप्रणाली (विंडोज किंवा लिनक्स) सध्या न लागणारी पाने उचलून डिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. घरात हाताशी जागा उरली नाही की सामान माळ्यावर चढवतात, तसाच हा प्रकार आहे. सामान सुरक्षित राहते, पण दर वेळी शिडी लावावी लागते. ही शिडी किती उंच आहे ते आकड्यांत पाहावे. रॅममधली माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. फिरत्या हार्डडिस्कवर तीच माहिती शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाख पट वेळ. साध्या साटा एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपांच्या डिस्कवर, हा वेळ ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास येतो, म्हणजे हजार पट. त्यामुळे पेजिंग फाइल वाढवल्याने प्रोग्राम बंद पडायचे थांबतात, पण संगणक वेगवान होत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

सोय करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील 'सिस्टीम' उघडून 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये जावे, 'परफॉर्मन्स'खालील 'सेटिंग्ज' बटण दाबावे, पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडून 'व्हर्च्युअल मेमरी'खालचे 'चेंज' बटण दाबावे. बहुतेकांसाठी 'सिस्टीम मॅनेज्ड' हाच पर्याय योग्य आहे, मात्र सी ड्राइव्हवर किमान दहा-पंधरा जीबी मोकळी जागा असली पाहिजे. मोठ्या कामात वारंवार अडत असेल तर ४ जीबी रॅमच्या संगणकावर सुरुवातीचा आकार ४०९६ आणि कमाल ८१९२ एमबी द्यावा, 'सेट' दाबावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. वेग वाढेल या समजुतीने पेजिंग फाइल पूर्ण बंद करणारे लोक आहेत. कमी रॅमच्या संगणकावर तसे कधीही करू नये. ती पेनड्राइव्हवर हलवण्याचाही खटाटोप करू नये.

पेनड्राइव्ह लावून संगणक पळवण्याची जी युक्ती सांगितली जाते ती रेडीबूस्ट या सोयीची. ती विंडोज व्हिस्टापासून आहे आणि फिरत्या हार्डडिस्कच्या संगणकाला थोडी मदतही करते, पण ती डिस्कवरच्या माहितीची जलद प्रत ठेवते, रॅम वाढवत नाही. एसएसडी असल्यास तिचा उपयोग नाही.

इथे एक स्थानिक खबरदारी सांगितलीच पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि मेमरी अपुरी असलेला संगणक एवढी मोठी फाइल जतन करायलाही काही मिनिटे घेतो. नेमकी त्या मिनिटांत वीज गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊन कायमची बिघडू शकते. मोठे काम करणाऱ्याने यूपीएस लावावाच आणि दर टप्प्याला फाइल नव्या नावाने जतन करावी, म्हणजे एक बिघडली तरी आधीची हाती राहते.

३२ बिटांची हद्द

३२ अंकी द्विमान संख्येने जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते दाखवता येतात आणि प्रत्येक पत्त्यावर एक बाइट असतो. हेच ते ४ जीबी. यातले काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखलेले असल्याने ३२ बिटांच्या विंडोज ७ मध्ये '४ जीबी, त्यांपैकी २.९८ जीबी वापरण्याजोगी' अशा अर्थाची ओळ दिसते. पट्टी खराब नसते आणि दुकानदाराने फसवलेलेही नसते. शिवाय विंडोज त्या ४ जीबी पत्त्यांचा निम्मा भाग स्वतःकडे ठेवते, म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला २ जीबी येतात.

अशा संगणकात ८ जीबी रॅम बसवली तरी ३२ बिटांची नेहमीची विंडोज ४ जीबीच्या पुढची वापरत नाही. पैसे वाया जातात ते इथे. म्हणून रॅम घेण्यापूर्वी 'सिस्टीम'च्या पानावर 'सिस्टीम टाइप' वाचावा. तिथे कार्यप्रणाली ३२ बिटांची पण प्रोसेसर एक्स६४ प्रकारचा लिहिलेला असेल तर ६४ बिटांची कार्यप्रणाली नव्याने टाकता येते. हे काम जुन्यावर नवे चढवून होत नाही, सी ड्राइव्ह पुसावाच लागतो. त्यामुळे टॅलीचा डेटा, सातबाराचे स्कॅन, फोटो, फाँट आणि ब्राउझरमधले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे आणि मगच पुढे जावे. प्रिंटर व स्कॅनरचे ६४ बिटांचे ड्रायव्हर मिळतात का हेही आधी शोधावे.

६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे प्रोग्राम चालतात. ज्यांच्या कर्त्यांनी मोठे पत्ते वापरण्याची सोय ठेवली आहे त्यांना २ ऐवजी ४ जीबी मिळतात. तरी शक्य तिथे प्रोग्रामची ६४ बिटांची आवृत्तीच टाकावी, कारण कार्यप्रणाली बदलली म्हणून जुने एक्सेल किंवा जुने पायथन आपोआप ६४ बिटांचे होत नाही. १६ बिटांचे जुने प्रोग्राम मात्र ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. काही सहकारी संस्था आणि दुकानांत डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम अजून असतात. त्यांच्यासाठी डॉसबॉक्ससारखे, डॉसचे प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवणारे साधन वापरून पाहावे आणि ते नीट चालेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये. मेमरीची हद्द हा प्रश्न त्या काळातही होता. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला प्रोसेसर एकूण १ एमबीचेच पत्ते दाखवू शकत होता आणि त्यातले ६४० केबी प्रोग्रामसाठी सुटत होते. तेव्हाचे प्रोग्रामर मोठ्या प्रोग्रामचे भाग पाडून लागेल तो भागच मेमरीत आणत. फाइल तुकड्यांनी वाचण्याचा वर दिलेला सल्ला त्याच जातीचा आहे.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ बहुतेक जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. केवळ ब्राउझर, लिखाण, पायथन आणि अभ्यास एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकण्याचा विचार जरूर करावा. ती २ जीबीवर चालते, ४ जीबीवर बरी चालते. लिनक्समध्ये झेडरॅम नावाची सोय आहे. तीत न लागणारी पाने डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून ठेवली जातात आणि ४ जीबीच्या संगणकावर फरक स्पष्ट जाणवतो. पण ज्यांचे पोट टॅलीवर, कोरलड्रॉवर किंवा श्रीलिपीवर अवलंबून आहे त्यांनी ऐन हंगामात कार्यप्रणाली बदलू नये.

रॅम घ्यायचीच असेल तर

एवढे सगळे करूनही रॅम अपुरीच आहे हे आकड्यांवरून दिसले, तर आधी मदरबोर्डची कमाल क्षमता पाहावी. इंटेल जी४१ चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य चिपांच्या संचाचे) बोर्ड ८ जीबीपर्यंत रॅम घेतात आणि एच६१ चे १६ जीबीपर्यंत. जी४१ बाबत एक बारकावा आहे: ४ जीबीची पट्टी घेताना तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असाव्यात. आठच चिप असलेल्या नव्या पट्ट्यांमधल्या चिप त्या चिपसेटला ओळखता येत नाहीत आणि संगणक सुरूच होत नाही.

मग जुनी पट्टी बाहेर काढून तिच्यावरचा कागद वाचावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. समजा त्यावर 'पीसी३-१२८००यू' असे छापले आहे. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, रॅमची तिसरी पिढी. १२८०० ला ८ ने भागले की १६०० हा वेग मिळतो. शेवटचा 'यू' म्हणजे डेस्कटॉपची साधी पट्टी. लॅपटॉपच्या पट्टीवर तिथे 'एस' असतो. 'आर' असेल तर ती सर्व्हरची पट्टी आहे, ती स्वस्त मिळते पण घरगुती संगणकात चालत नाही. 'पीसी३एल' लिहिलेल्या पट्ट्या १.३५ व्होल्टवर चालतात आणि काही लॅपटॉपना त्याच लागतात. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये.

कुडाळ, चिपळूण किंवा रत्नागिरीच्या दुकानात जाताना हा फोटो दाखवावा. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगायचे असेल तर फोटो आणि मदरबोर्डचे नाव दोन्ही पाठवावे. 'चार जीबीची रॅम' एवढ्याच निरोपावर भलतीच पट्टी येते आणि बदलून घ्यायला पुढच्या सणाची वाट पाहावी लागते. दोन स्लॉट असतील तर सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घेणे बरे, कारण दोन्ही मार्गांनी माहिती येऊन विशेषतः बोर्डवरच्या ग्राफिक्सला फायदा होतो.

बसवताना संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. स्लॉटच्या कडेच्या चिमट्या उघडाव्यात, खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. चिमट्या आपोआप मिटल्या की पट्टी बसली. सुरू केल्यावर पडदा काळा राहून बीप वाजत राहिली तर बहुधा पट्टी पूर्ण बसलेली नसते.

किनाऱ्यालगतच्या गावांत, मालवण-वेंगुर्ल्यापासून दापोली-गुहागरपर्यंत, खाऱ्या दमट हवेमुळे पट्टीच्या सोनेरी टोकांवर काळपट थर चढतो आणि चांगली रॅमसुद्धा अधूनमधून दिसेनाशी होते. नवीन घेण्यापूर्वी जुनी पट्टी स्वच्छ करून पाहावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने टोके पुसून पूर्ण वाळू द्यावीत. खोडरबरानेही काळेपणा जातो, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून अगदी हलक्या हाताने आणि क्वचितच तसे करावे आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडू देऊ नयेत. पावसाळ्यात संगणक महिनोन्महिने बंद न ठेवता रोज थोडा वेळ चालवणे चांगले. आतली ऊब ओल धरू देत नाही.

रॅम की एसएसडी, असा प्रश्न एकाच वेळच्या पैशांत पडला तर माझे उत्तर टास्क मॅनेजरच्या आकड्यांवर अवलंबून राहील. ४ जीबी रॅम असून रोजच्या कामात ती थोडीच ओलांडली जात असेल, तर आधी एसएसडी घ्यावी, कारण पेजिंगही तिच्यावर होते आणि बाकीचा संगणकही हलका होतो. २ जीबी असेल किंवा एकच काम ठरून रॅमच्या दुपटीने मागणी करत असेल, तर आधी रॅम. डीडीआर२ च्या संगणकावर मात्र आता नवा खर्च करू नये. ते पैसे डीडीआर३ किंवा डीडीआर४ च्या एखाद्या वापरलेल्या संगणकासाठी ठेवावेत आणि तोवर मोठे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा प्रिंट करणाऱ्याच्याच संगणकावर उरकावे.

नवी पट्टी बसल्यावर 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' ही चाचणी एकदा चालवावी. जमल्यास मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवावे. एकही चूक दिसली तर पट्टी लगेच बदलून घ्यावी, कारण सदोष रॅम मोठ्या फाइली चुपचाप बिघडवते. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा तपासावा. नवी रॅम बसूनही 'हार्डवेअर रिझर्व्ड'समोर एक-दोन जीबी दिसत असतील, तर कार्यप्रणाली अजून ३२ बिटांची आहे, बायोसमध्ये ग्राफिक्सचा वाटा जास्त ठेवला आहे, किंवा 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'च्या 'बूट' भागातील 'मॅक्सिमम मेमरी'ला कोणी खूण करून ठेवली आहे. ती खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या आकड्यांशी नवे आकडे तेच काम चालू असताना ताडून पाहावेत.